रानातल्या अंड्यांची पाटीलबाई

"अंडे खाता का मॅडम?"

पाटीलबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कामरगावहून पुढे जीपने जावं लागतं अशा एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नुकतीच रुजू झाले होते आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी होते. मला वाटलं, माळकरी घर असेल, अंडं चालत नसेल.

"कधीमधी खाते," मी म्हटलं. "पण तुमच्याकडे चालत नसेल तर नाही खाणार."

"चालते ना. कोनाचे खाता?"

"म्हणजे?"

"कोंबडीचे, का आनिक कोनाचे?"

"कोंबडीचेच."

"मंग रहा," त्या म्हणाल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या. भाड्याचं बोलणं पुढे कधीतरी, मेथी निवडता निवडता झालं.

त्यांचं नाव कौसल्याबाई. पण गावात या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. नवरा गावचा पोलीस पाटील होता. तो गेल्यावर जागा निघाली तेव्हा यांनी अर्ज भरला. दहावी त्या लग्नानंतर, मुलगी कडेवर असताना पास झाल्या होत्या. लेखी परीक्षा दिली, तोंडी दिली आणि नेमणुकीचा कागद घेऊन जीपमधून उतरल्या. पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "आता बाईमानूस पोलीस पाटील!" त्यावर त्या थांबून म्हणाल्या, "मी पोलीस नाही, पाटीलबी नाही. दोन्ही मिळून काय होते ते पाहू आता." हे वाक्य गावात पुढे कितीतरी वर्षं चाललं.

उंच, काटक बाई. मनगटावर नवऱ्याचं घड्याळ. ते इतकं सैल, की हात वर केला की घसरत कोपरापर्यंत जायचं. वेळ बघायची तर त्या आधी हात खाली सोडून झटकायच्या. फोनवर इतक्या मोठ्याने बोलायच्या, की ठाणेदाराला फोन केला हे अर्ध्या गावाला कळायचं. आणि माणूस ओळखायच्या तो आईवरून. समोर साठीचा म्हातारा असला तरी, "तू अनसूयेचा लहाना ना?" बापाचं नाव का नाही विचारत, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "बाप घरी कुठी असते? पोट्टा काय करून राह्यला हे मायले मालूम असते."

पोलीस पाटलाची कामं आपल्याला माहीत असतात. भांडणतंटा, मयत, यात्रा, मिरवणूक. पाटीलबाई ती सगळी करत. पण उन्हाळा सरत आला, की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. टिटव्या उघड्या वावरात अंडी घालतात, तित्तर आणि लावे धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतात, आणि पाऊस लागला की लांडोर नाल्याकाठच्या झुडपात बसते. गावात ती अंडी उचलून आणणं ही कुणाला चोरी वाटतच नव्हती. गुरं चारता चारता सापडली, धोतरात घेतली, घरी आणली. राखेत भाजून खाल्ली. कुणी मोराची अंडी कोंबडीखाली ठेवून बघे. पाटीलबाईंना मात्र ते चालत नसे.

त्या काही पहिल्यापासून पक्ष्यांच्या कैवारी नव्हत्या. एकदा पावसाची झड लागलेली असताना, शेंगा फोडत बसल्या होत्या तेव्हा त्यांनीच मला सांगितलं. माहेर त्यांचं मानोऱ्याकडचं. लहानपणी त्या आणि त्यांचा पाठचा भाऊ दौलत, दोघं मिळून अंडी गोळा करत. "तो झाडीत शिरे अन् मी परकराचा वटा धरून उभी राहो. किती खाल्ले असन त्याचा हिसाब नाही."

"मग सोडलं कधी?"

"पोलीस पाटील झालो ना, तवा कायद्याचं पुस्तक वाचलं. त्यात लिहेल होतं, रानातल्या पाखराचं अंडं उचलनं गुन्हा हाये. म्हटलं, बाप्पा! आपन तर पक्के गुन्हेगार." त्या हसल्या. "मंग पाह्यले लागलो. कोनती कुठी बसते, कशी बसते. आन पाह्यल्यावर काही खावंसं नाही वाटलं."

पहिल्या वर्षी त्यांनी मोठी चूक केली होती. तीही त्या मोकळेपणाने सांगत. सगळ्या शाळेला घेऊन त्या वावरात गेल्या, मुलांना टिटवीची अंडी दाखवली, प्रत्येक घरट्याजवळ काडी रोवून तिला लाल चिंधी बांधली. ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून. आठवडाभरात चिंध्या जागच्या जागी आणि अंडी एकाही ठिकाणी नाहीत. "म्याच गावाले पत्ता देल्ला," त्या म्हणायच्या. तेव्हापासून घरटं कुठे आहे हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच. फिरायला गेलो की मधेच माझा दंड धरून वाट बदलायच्या. मी विचारलं, "का हो?" तर म्हणायच्या, "काटे हायेत तिकडं." एवढे काटे त्या शिवारात नव्हते.

त्यांची दुसरी रीत होती चहाला जाण्याची. अमक्याने अंडी आणली अशी कुणकुण लागली, की पाटीलबाई घड्याळ झटकत त्याच्या घरी जाऊन बसायच्या. अंड्यांचं नावही काढायचं नाही. त्याच्या आईशी बोलायचं. सोयाबीन कसं आहे, सुनेला कितवा लागला, गुडघे दुखतात का. चहा यायचा, त्या प्यायच्या आणि बसूनच राहायच्या. घरच्या माणसाची आत-बाहेर सुरू व्हायची. एकदा मीही सोबत होते. तिथला गडी, चांगला मिशीवाला बाप्या, शेवटी स्वतःच म्हणाला, "पाटीलबाई, आता बोला ना काही. किती वेळ जीव टांगनार?"

"मी कुठी काय म्हटलं?"

"आनले होते तित्तराचे. खाल्ले. आता नाही आननार."

"हे मले नोको सांगू. मायले सांग. मायच्या समोर बोल."

त्याची म्हातारी तोवर उठून उभी राहिली होती. पुढचं काम तिनेच केलं. वाटेत मी म्हटलं, "तक्रार नाही करणार?" म्हणाल्या, "तक्रार केली तर तो मले भीन. मी रिटायर झाल्यावर कोनाले भीन? माय रिटायर होत नसते."

पण प्रत्येक ठिकाणी हे चालत नसे. रुखमा नावाची एक तरणी बाई होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, पदरात चार वर्षांची पोर. ही रुखमा भर उन्हात वावरं पालथी घालून टिटवीची अंडी शोधते असं कळलं, तेव्हा पाटीलबाई तिच्याही घरी जाऊन बसल्या. रुखमाने चहा ठेवला नाही. चुलीपुढे बसून राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

पोर बोलत नव्हती. कुणीतरी रुखमाला सांगितलं होतं, टिटवी दिवसभर बोलत असते, तिची अंडी खाऊ घाल, पोरीची वाचा फुटेल.

"किती दिवस झाले चारून राह्यली?" पाटीलबाईंनी विचारलं.

"होळी झाल्यापासून. एक शब्द नाही बोलली जी."

पाटीलबाई उठल्या. पोरीच्या पाठीमागे गेल्या आणि तिथे पडलेल्या पितळी ताटावर त्यांनी उलथनं आपटलं. मी दचकले. पोर चिंधीच्या बाहुलीशी खेळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मायलेकींना घेऊन त्या वाशीमला सरकारी दवाखान्यात गेल्या. पुढे अकोल्यालाही गेल्या. कागद, शिक्के, पुन्हा कागद. किती चकरा झाल्या ते मला माहीत नाही, पण दर वेळी त्या परत यायच्या तेव्हा रुखमाची पोर जीपमध्ये त्यांच्या मांडीवर झोपलेली असायची. शेवटी कानाला यंत्र मिळालं. पोर माझ्याच वर्गात पहिलीला आली. बोलणं तिला फार उशिरा, अडखळत आलं आणि सगळ्यांना समजेल असं कधीच आलं नाही. पण ती बोलायला लागली. रुखमा पुन्हा टिटवीच्या मागे गेली नाही. उलट कुणी वावरात वाकून काही उचलताना दिसलं की लांबून ओरडायची.

आता त्यांच्या भाच्याबद्दल सांगायला हवं.

दौलतरावांचा मुलगा प्रवीण. हायस्कूलची सगळी वर्षं तो आत्याकडे राहून शिकला होता. पाटीलबाईंची मुलगी सासरी गेलेली, त्यामुळे त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मी गेले तेव्हा तो मोटारसायकलला जाळीचा पिंजरा बांधून गावोगाव गावरान कोंबडीची पिल्लं विकत फिरायचा. हसरा, बोलघेवडा. आमच्या बाजूला आला की जेवायला आत्याकडेच. "आत्या, भूक लागली वं," असं फाटकातूनच ओरडायचा, आणि पाटीलबाईंचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं.

त्या सुमाराला नाल्याकाठची लांडोरीची घरटी एकामागून एक रिकामी व्हायला लागली. कुणी भाजून खाल्ल्याची खूण नाही, कुणाच्या घरी टरफल नाही. पाटीलबाई चहा पिऊन पिऊन थकल्या. कुणाचीच आई काही सांगेना. अंडी गावाबाहेर जात होती हे त्यांना कळत होतं, पण कुणाच्या हातून ते कळत नव्हतं.

श्रावणातला रविवार होता. मीही जेवायला त्यांच्याकडेच होते. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. प्रवीण आला, पिंजरा रिकामा होता. सगळी पिल्लं खपली म्हणाला. खांद्यावरची मोठी पिशवी त्याने रांजणाजवळच्या गारव्याला अलगद ठेवली आणि हात धुऊन पाटावर बसला. गप्पा चालल्या होत्या. त्याचं लग्न जमत आलं होतं, मुलगी शिरपूरकडची होती, त्यावरून पाटीलबाई त्याची थट्टा करत होत्या.

आणि मधेच एक बारीक आवाज आला. चिक. थोड्या वेळाने पुन्हा. चिक, चिक.

पाटीलबाईंचा भाकर वाढणारा हात तसाच राहिला.

"पिशवीत काय हाये रे?"

"कुटार हाये आत्या. पिल्लाईच्या खाली टाकाले."

"कुटार बोलून राह्यलं."

प्रवीण ताटाकडे बघत राहिला. पाटीलबाई उठल्या, पिशवी उघडली, कुटारात, त्या भुशात, हात घातला. बाहेर आलं ते कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं, जाड कवचाचं अंडं होतं. त्याला बारीक तडा गेला होता आणि आतून पिल्लू आवाज देत होतं. खाली आणखी होती. गुराख्यांना थोडेफार पैसे देऊन तो ती गोळा करत होता आणि पिल्लं काढून शहरातल्या बंगलेवाल्यांना विकत होता. आत्याचं घर त्याला सोयीचं होतं. पोलीस पाटलाच्या ओसरीवरची पिशवी कोण उघडून बघणार?

"आत्या," तो म्हणाला, "तुहंच लेकरू हाओ मी. एक डाव सोड. लगन मोडन माहं."

पाटीलबाईंनी अंडं परत कुटारात ठेवलं. हात धुतले.

"जेव पयले," त्या म्हणाल्या.

"आत्या..."

"जेव म्हटलं ना. भाकर टाकाची नसते."

त्यांनी त्याला आणखी अर्धी भाकर वाढली, वर दूध घातलं. तो भाकर दुधात कुस्करत राहिला. तो जेवेपर्यंत त्या समोर बसल्या. मग फोन घेऊन दारात गेल्या आणि फॉरेस्टवाल्यांना फोन केला. इतक्या हळू आवाजात फोनवर बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. बोलणं झाल्यावर त्या उंबरठ्यावर बसून राहिल्या. प्रवीण तगडा होता, मोटारसायकल फाटकाशी होती. पण उंबरठ्यावर बसलेल्या आत्याला ओलांडून जाणं त्याला जमलं नाही. तो आत भिंतीला टेकून बसला, त्या बाहेर तोंड करून बसल्या, आणि पिशवीतून मधूनमधून आवाज येत राहिला. मी उठावं की बसावं मला कळेना. शेवटी ताटं उचलली आणि घासायला घेतली.

जीप आली. प्रवीणला नेलं, अंडी नेली, गुराख्यांचे जबाब झाले. काही अंड्यांतून पिल्लं निघाली, काही वाया गेली असं नंतर कळलं. प्रवीणचा जामीन व्हायला वेळ लागला. आणि लग्न मोडलं.

दौलतराव दुसऱ्याच दिवशी आले. अंगणातच उभे राहिले, वर चढले नाहीत.

"तुह्या घरात पकडलं त्याले," ते म्हणाले. "ताटावरून उचलून देल्लं."

"ताटावरून नाही उठू देल्लं. जेवू घालून देल्लं."

"दुसऱ्याचा असता तर त्याच्या मायले सांगून सोडून देल्ला असता ना? माह्यावालाच सापडला?"

पाटीलबाई ओसरी उतरून त्यांच्यासमोर आल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याईनं पोटाले खाल्ले, दौलत. यानं धंदा मांडला. अन् माह्या घराच्या आडून मांडला. आज सोडला तर उद्या कोनाच्या दारी मी कोन्या तोंडानं जाऊ?"

"कोनाच्याबी दारी जाय. माह्या दारी येऊ नोको. माह्या घरात तुहा पाय नाही लागला पायजे."

ते गेले. पाटीलबाईंनी अंगण झाडायला घेतलं, जे सकाळीच झाडून झालेलं होतं.

गावात दोन तट पडले. काहींना वाटलं, बाईने कमाल केली. काहींना वाटलं, एवढं काय अंड्यांसाठी. पण पारावर जे बोललं गेलं ते मी स्वतः ऐकलं: "तिनं भाच्याले नाही सोडलं, आपल्याले सोडन का?" त्यानंतरच्या पावसाळ्यात लांडोर पिल्लांची रांग घेऊन शाळेच्या मागच्या वावरातून जाताना दिसली. मुलं खिडकीत गोळा झाली. एकानेही दगड उचलला नाही. पाटीलबाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो का?" आणि विषय बदलला.

कारंज्याच्या कोर्टात साक्ष द्यायला त्या गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर डबा होता. भाच्यासाठी. साक्ष दिली, खरं ते सांगितलं, आणि बाहेर येऊन डबा त्याच्यापुढे धरला. प्रवीणने तो घेतला. कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली बसून खाल्लाही. दौलतराव लांब उभे होते. ते आले नाहीत.

आणि प्रवीणला नेलं त्याच वर्षी दिवाळी आली. भाऊबीजेला पाटीलबाई नवं लुगडं नेसून, ताट फडक्यात बांधून मानोऱ्याकडे निघाल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा ताट तसंच बांधलेलं होतं. दार लावून घेतलं होतं म्हणे. भावजयीने खिडकीतून पाणी दिलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. शेजारणी म्हणाल्या, "पाटीलबाई, कायले एवढ्या दूर जाता? ज्याईले भाऊ नाही त्या चंद्राले ओवाळतेत. तुमी बी ओवाळा." तेवढ्यावर त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं क्वचितच पाहिलं.

"माहा भाऊ जित्ता हाये," त्या म्हणाल्या. "चंद्राले कायले ओवाळू?"

माझी बदली झाली ती नेमकी मानोऱ्याच्या बाजूला. निघताना पाटीलबाईंनी मला ज्वारी दिली, लोणचं दिलं आणि जीप सुटताना खिडकीशी येऊन विचारलं, "तिकडच्या शाळेमांगं झाडी हाये का?" मी म्हटलं, आहे. "मंग ध्यान ठेवजा. पन कोनाले दाखवजा नोको."

त्या निवृत्त झाल्याचं मला फोनवरून कळलं. नवा पोलीस पाटील तरुण आहे, चांगला आहे म्हणाल्या. तरी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचं वावरातून फिरणं सुरूच होतं. मधल्या एका वर्षी दोन-तीन घरटी पुन्हा रिकामी झाली, त्याचं त्यांना फार लागलं होतं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी मी एसटीने चालले होते. एका फाट्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. खिडकीतून सहज पाहिलं, तर पुढच्या दाराने उतरलेल्या पाटीलबाई दिसल्या. गाडीत त्या पुढे बसल्या होत्या आणि मी मागे, त्यामुळे आमची चुकामूक झाली होती. पाठीत थोड्या वाकल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेलं ताट. मी हाक मारणार होते, तेवढ्यात फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसलेला माणूस मला दिसला.

दौलतराव होते. खूप थकलेले. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी. घरात पाय लागू देणार नाही असं ते बोलून बसले होते, म्हणून गावापासून फाट्यापर्यंत स्वतः चालत आले असावेत. बहिणीकडे त्यांनी बघितलं नाही. रस्त्याकडे बघत बसून राहिले.

पाटीलबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. काही बोलल्या का, ते चालू ठेवलेल्या गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यांनी बाकड्यावर ताट ठेवलं, फडकं सोडलं, निरांजन लावलं. मोकळा फाटा, वारं सुटलेलं. वात विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. हॉटेलवाला भजी तळायचा थांबून बघत होता.

तिसऱ्यांदा काडी ओढली तेव्हा दौलतरावांनी अजूनही रस्त्याकडेच बघत आपले दोन्ही तळहात पुढे केले आणि वातीभोवती ओंजळ धरली.

ड्रायव्हर चढला, गाडी सुटली. मी मान वळवून बघत राहिले. ओंजळीतला उजेड त्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवर पडला होता आणि पाटीलबाईंनी ताट उचललं होतं.